हॉस्टेलच्या दारापासून उलटा हिशेब

आमच्या कारंज्याच्या नावामागचं कंसातलं 'घाडगे' सोडून चालत नाही. ते सुटलं की पार्सल, पत्र, कधी पाहुणासुद्धा वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला जाऊन पोहोचतो. त्यामुळे एकाच नावाची दोन गावं असली तर आधी कोणतं ते विचारून घ्यायचं, ही सवय आम्हाला लहानपणापासून असते. पुतणीला वेल्लोरच्या व्हीआयटीत प्रवेश मिळाला तेव्हा ही सवय पहिल्यांदा कामी आली. व्हीआयटीचे कॅम्पस एक नाही, चार आहेत. मूळचं वेल्लोर, दुसरं चेन्नई, तिसरं आंध्र प्रदेशातल्या अमरावतीजवळ आणि चौथं भोपाळच्या नावाचं, पण प्रत्यक्षात सीहोर जिल्ह्यात. पुण्याचं व्हीआयटी तर वेगळ्याच संस्थेचं. आंध्रातल्या अमरावतीला जायचं असेल तर विजयवाड्याजवळच्या गन्नवरमला उतरावं लागतं, आणि आमच्याकडे 'अमरावती विमानतळ' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे बेलोरा येतं. म्हणून प्रवेशपत्रावरचा पूर्ण पत्ता पिनकोडासकट कागदावर उतरवून घ्या आणि तो कागद समोर ठेवूनच विमानाचा विचार सुरू करा.

पहिल्या खेपेला आम्ही उलटं केलं. आधी नागपूरहून कुठलं विमान स्वस्त आहे ते पाहिलं. बंगळुरूचं संध्याकाळचं तिकीट परवडलं, म्हणून तेच काढलं. रात्री साडेनऊला देवनहळ्ळीला उतरलो. हा विमानतळ शहराच्या पार उत्तरेला आणि वेल्लोरचा रस्ता होसूर, कृष्णगिरीकडून, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाने. सामान घेऊन बाहेर आलो तेव्हा पुतणी म्हणाली, "काकाजी, विमान तं उतरलं, पण आता पुढं कसं?" तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. टॅक्सीने सव्वादोनशे किलोमीटर रात्रीच कापले आणि पहाटे कॉलेजच्या फाटकाशी पोहोचलो. सकाळी नऊला तिला रिपोर्टिंग होतं. सगळी कागदपत्रं हातात, डोळ्यांत झोप, आणि पोरीचा पहिला दिवस असा सुरू झाला याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी हिशेब हॉस्टेलच्या दारापासून मांडतो. तिथून मागे येत येत कारंज्याच्या बसस्टँडपर्यंत पोहोचायचं. विमानतळ हा या रस्त्यावरचा मधला थांबा आहे; तो कोणता निवडायचा हे त्याच्या दोन्ही बाजूंचे रस्ते ठरवतात.

वेल्लोरचंच उदाहरण घेऊ. व्हीआयटीच्या जवळचं रेल्वेस्टेशन आहे काटपाडी जंक्शन, कॅम्पसपासून तीन-चार किलोमीटरवर. एवढं कळलं की अर्धं काम झालं, कारण काटपाडी चेन्नई–बंगळुरू या मुख्य मार्गावर आहे आणि तिथून तिरुपतीकडेही फाटा फुटतो. म्हणजे तीन विमानतळ हाताशी आले. चेन्नई साधारण १३० किलोमीटर, तिरुपतीचं रेणिगुंटा शंभरच्या थोडं पुढे आणि बंगळुरू दोनशेच्या वर. किलोमीटर पाहिले तर तिरुपती जिंकतं. पण कारंज्याहून तिरुपतीला पोहोचायचं म्हणजे नागपूरहून हैदराबाद आणि तिथून दुसरं विमान. हैदराबादच्या विमानतळावर जे तास जातात त्यात चेन्नईहून काटपाडीला जाऊन कॅम्पसमध्ये चहा घेता येतो. बालाजीचं दर्शन करून पुढे जायचं असेल तेव्हाच हा मार्ग धरावा. तसं करणारी कुटुंबं पुष्कळ आहेत आणि त्यांच्यासाठी तो खरोखर सोयीचा आहे.

नकाशावर विमानाचं चिन्ह दिसतं म्हणून तिथे प्रवासी विमान उतरतंच असं नाही. आपल्याकडे यवतमाळला धावपट्टी आहे, चंद्रपूरजवळ मोरव्याला आहे, पण तिकीट काढून बसायचं विमान तिथे मिळत नाही. म्हणून चिन्हावर विसंबू नका. त्या विमानतळाचं तीन अक्षरी नाव टाकून तुमच्या तारखेचं तिकीट दिसतं का ते पाहा. नागपूर एनएजी, बंगळुरू बीएलआर, चेन्नई एमएए. चेन्नईचं नाव बदलून किती वर्षं झाली, तरी तिच्या कोडात जुनं मद्रास टिकून आहे. ही अक्षरं तपासली की दोन विमानतळ असलेल्या शहरांतला घोळही टळतो. गोव्यात दाबोळी आणि मोपा, मुंबईत जुना विमानतळ आणि २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा. मधे विमान बदलायचं असेल आणि एक तिकीट एका विमानतळावर उतरवणारं, दुसरं दुसऱ्यावरून सुटणारं निघालं, तर सगळा दिवस वाया जातो.

चेन्नई मला सगळ्यात बरं का वाटतं ते सांगतो. विमानतळाला लागूनच मेट्रोचं स्टेशन आहे आणि तीच गाडी न बदलता चेन्नई सेंट्रलला नेते. पाऊस असो, रस्त्यावर कोंडी असो, मेट्रोला फरक पडत नाही. सेंट्रलहून काटपाडीला दिवसभर एक्सप्रेस गाड्या आहेत, सुमारे दोन तासांचा रस्ता. २०२२ साली सुरू झालेली चेन्नई–म्हैसूर वंदे भारतसुद्धा काटपाडीला थांबते. एक गाडी चुकली तर दुसरी मिळते, आणि त्यामुळे विमान तासभर उशिरा उतरलं तरी पुढचा प्रवास कोलमडत नाही. शेवटच्या टप्प्यात अशी दुसरी, तिसरी सोय असणं मी तिकिटाच्या किमतीपेक्षा मोठं मानतो. भाषा येत नसताना रात्री अनोळखी शहरात गाडी शोधत उभं राहण्याची किंमत कुठल्याच तिकिटावर छापलेली नसते.

बंगळुरू अगदी टाकाऊ नाही. नागपूरहून तिकडे थेट विमानं अधिक मिळतात. सकाळचं विमान असेल तर विमानतळावरच्या बसने कृष्णराजपुरम स्टेशन गाठायचं. चेन्नईकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात आणि तीन तासांच्या आसपास काटपाडीला सोडतात. शहराच्या मध्यात शिरायची गरज पडत नाही. हे मला पहिल्या खेपेला माहीत असतं तर तो रात्रीचा प्रवास टळला असता.

आता आपल्या बाजूचा टप्पा. कारंजा नागपूर आणि अमरावतीच्या मध्यावर पडतं, दोन्हीकडे पाऊणशे-ऐंशी किलोमीटर, एकाच राष्ट्रीय महामार्गावर. २०२५ च्या एप्रिलमध्ये बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं तेव्हा गावात आनंद झाला आणि तो रास्त होता. पण विमानतळ कोणतं विमान देऊ शकतो हे धावपट्टी ठरवते. बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटर आहे. तिथे एटीआर ७२ हे पंख्याचं, सत्तरेक आसनांचं विमान येतं. नागपूरची ३२०० मीटर, त्यामुळे तिथे दीड-दोनशे माणसांची जेट विमानं उतरतात. मोठ्या धावपट्टीला मोठी विमानं, म्हणून जास्त शहरं, जास्त फेऱ्या, आणि एक फेरी रद्द झाली तर त्याच दिवशी दुसरी मिळण्याची आशा. मूल मुंबईला शिकत असेल तर बेलोरा जरूर पाहा. सत्याग्रही घाट उतरून तिवसा, मोझरी करत जायचं आणि शहराच्या गर्दीत न शिरता विमानतळ गाठायचा. फक्त विमान रोज नसतं, म्हणून तुमचा वार जुळतो का ते आधी बघा. वेल्लोरसाठी मात्र बेलोऱ्याहून आधी पश्चिमेला मुंबई आणि मग पुन्हा दक्षिणेला, असा वळसा पडतो.

नागपूरचा विमानतळ सोनेगावला, वर्धा रोडवर आहे, आणि आपण शहरात शिरतो अमरावती रोडने, वाडीकडून. एसटीने गणेशपेठला उतरून पुन्हा मागे येण्यापेक्षा वाडी किंवा रवीनगरला उतरून रिक्षा करणं बरं. कोंढाळी, बाजारगाव, वाडी हा रस्ता दीड तासाचा धरला तरी विमानतळापर्यंतचे दोन तास मोजा. चेक-इनचा काउंटर साधारणपणे विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो. घरातल्या कुणाचा पहिलाच विमानप्रवास असेल तर सुटण्याच्या दोन तास आधी आत असलेलं चांगलं.

आता सगळं जोडून पाहू. चेन्नईचं थेट विमान सकाळी नऊला मिळालं असं धरा. पहाटे पाचला कारंजा सोडायचं, सातला विमानतळ, पावणेअकराच्या सुमारास चेन्नई. सामान घेऊन सव्वाअकराला मेट्रो, बाराच्या पुढे सेंट्रल, जेवण, एकची गाडी, तीनला काटपाडी, साडेतीनला हॉस्टेल. साडेदहा तासांच्या या प्रवासात आपण हवेत असतो ते जेमतेम पावणेदोन तास. मधे विमान बदलायचं झालं की यात तीन-चार तास वाढतात आणि उजेड संपतो. उजेडी पोहोचता येणार नसेल तर मी आदल्या दिवशीच निघतो आणि काटपाडीत मुक्काम करतो.

विमान बदलायचंच असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्या. मग पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी विमान कंपनीची असते आणि बॅगाही थेट शेवटच्या विमानतळावर निघतात. वेगवेगळी तिकिटं काढून पाचशे-हजार वाचतात खरे, पण मग मधली सगळी जोखीम आपल्या डोक्यावर येते.

कधी हा हिशेब विमानालाच बाजूला सारतो. आयआयटी खरगपूर याचं उत्तम उदाहरण. सगळे सांगतील, जवळचा विमानतळ कोलकाता. पण नागपूर–हावडा रेल्वेमार्गावर खरगपूर हावड्याच्या ११५ किलोमीटर अलीकडे आहे. विमानाने गेलात तर खरगपूर ओलांडून पुढे जायचं, कोलकात्याची गर्दी कापायची आणि पुन्हा मागे यायचं. नागपूरला गीतांजली एक्सप्रेसमध्ये बसलं की थेट खरगपूरलाच उतरता येतं. वरंगळच्या एनआयटीचंही तसंच. नागपूरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या काझीपेट-वरंगळवरूनच जातात; हैदराबादला उतरून दीडशेहून अधिक किलोमीटर रस्त्याने परत येण्यात काही हशील नाही. वेल्लोरलासुद्धा केरळ एक्सप्रेस नागपूरहून थेट काटपाडीला सोडते. जवळजवळ एक दिवस जातो, पण हॉस्टेलचं पहिलं सामान, गादी, बादली, पुस्तकं न्यायची असतात तेव्हा गाडीसारखी सोय नाही. आमच्याकडे आता पक्कं ठरलंय: सोडायला जाताना रेल्वे, मधेच भेटायला जायचं तर विमान.

भेटायला जाताना महिना पाहा. चेन्नईचा मोठा पाऊस आपल्यासारखा जून-जुलैत नसतो, तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतो. डिसेंबर २०१५ च्या पुरात तिथला विमानतळ कित्येक दिवस बंद होता आणि डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळानेही तो बंद पाडला. उत्तरेकडे, म्हणजे दिल्लीमार्गे पिलानी किंवा रुरकीला जाणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं विमान टाळावं, धुक्याने ते हमखास लांबतं. शिवाय विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. दिवाळीचं तिकीट उन्हाळ्यात पाहिलेल्या वेळेच्या भरवशावर काढू नका; नोव्हेंबरात ते विमान त्याच वेळेला असेलच असं नाही.

आणि सामान. देशातल्या विमानात सहसा १५ किलो बॅग आणि ७ किलो हातात. काही कंपन्या विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर १० किलो जादा देतात, ते तिकीट काढतानाच निवडावं लागतं. दिवाळीच्या सुमाराला आंबिया बहाराची संत्री उतरलेली असतात, ती खुशाल बॅगेत टाका. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत ठेवू नका, तपासणीत काढून घेतात; नीट बांधून बॅगेत द्या. सुकं खोबरं नेऊच नका. त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानात त्याला बंदी आहे. आजीने प्रेमाने वाट्या बांधून दिलेल्या असतात, त्या विमानतळावर टाकून देताना जीव तुटतो. त्यापेक्षा घरीच खोबऱ्याची चटणी किंवा लाडू करून न्यावेत. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातच लागते.

परतीचं तिकीट जाण्याच्याच विमानतळावरून हवं असा नियम नाही. पुतणी सुट्टीला येते तेव्हा कधी चेन्नईहून येते, कधी मैत्रिणींसोबत बंगळुरूहून, कारण तेव्हा हॉस्टेलचं दार मागे असतं आणि पुढे असतं कारंजा. त्या वेळी मी दुसऱ्या टोकाचा टप्पा मोजतो. नागपूरला विमान उतरल्यावर अमरावतीकडची एसटी अजून मिळेल का, की मी गाडी घेऊन जावं? दुपारी चारच्या आत उतरणार असेल तर ती एकटी रवीनगरला येऊन बस धरते. त्यानंतर असेल तर मी वाडीला जाऊन थांबतो.