कुलूप नेमके कोणी लावले?

मेमरी कार्ड संगणकाला जोडावे, त्यावरील लग्नाची छायाचित्रे दिसावीत; पण एखादे पुसायला गेले की ‘डिस्क राइट-प्रोटेक्टेड आहे’ असा संदेश झळकावा, हा अनुभव अनेकांना येतो. गोंधळून कार्ड फॉरमॅट करण्यापूर्वी हे कुलूप कोणी लावले, ते पाहणे शहाणपणाचे ठरते.

पहिली शक्यता बाहेरच्या खिट्टीची. साडेतीन इंची फ्लॉपीची छोटी खिडकी उघडी असली की ड्राइव्ह तिच्यावर लिहीत नसे. एसडी कार्डाच्या कडेची खिट्टीही तशीच वाटते; परंतु कार्डातील चिपला तिचा पत्ताही नसतो. ती कोणत्या बाजूला आहे हे कार्ड रीडर ओळखतो आणि ऑपरेटिंग सिस्टीमला कळवतो. त्यामुळे सदोष रीडर बदलताच कुलूप नाहीसे होऊ शकते.

दुसरे कुलूप ऑपरेटिंग सिस्टीमचे. डिस्कवरील फाइल-व्यवस्था वापरासाठी जोडून घेणे म्हणजे ‘माउंट’ करणे. लिखाणाची परवानगी नसेल, तर लिनक्स तशी सूचना देऊन डिस्क केवळ वाचनासाठी जोडते. विंडोजमध्ये फाइली उघडतात. नकार मिळतो तो लिहिण्याच्या क्षणी.

मात्र ‘केवळ वाचनासाठी’ या शब्दांवर पूर्ण विसंबू नये. लिनक्सच्या ईएक्सटी-४ या फाइल-व्यवस्थेत बदलांची रोजकीर्द ठेवलेली असते. संगणक अचानक बंद पडून ती अपुरी राहिली असेल, तर केवळ वाचनासाठी जोडतानाही ती पूर्ण करण्याकरिता डिस्कवर लिहिले जाते. डिस्कला खरेच कुलूप असेल, तर जोडणीच नाकारली जाते. ‘नोलोड’ हा पर्याय दिल्यास रोजकीर्द वगळून ती जोडता येते. म्हणूनच न्यायवैद्यक तपासात जप्त डिस्क व संगणक यांच्यामध्ये ‘राइट ब्लॉकर’ हे उपकरण बसवतात. पुराव्यातील एक अक्षरही बदलून चालत नाही.

तिसरे कुलूप खुद्द साठवणीचे. झिजलेले फ्लॅश कार्ड वा पेनड्राइव्ह कधी कधी स्वतःच लिखाण बंद करते. तो बिघाड असला, तरी मालकासाठी ती शेवटची संधीही असते.

तेव्हा असा संदेश दिसताच प्रथम सर्व फाइली अन्यत्र उतरवून घ्याव्यात; खिट्टी, रीडर आणि दुसरा संगणक यांची पडताळणी त्यानंतर करावी. वाचता येते आहे, तोवर काहीही गमावलेले नसते.