मे महिन्यातलं लग्न: मुहूर्त उन्हाला विचारून काढला, त्याची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी जवळजवळ जसंच्या तसं.)

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूची तयारी नाही. आजचा विषय लग्न. माझं नाही हो, ताईचं. २०२५ च्या मे महिन्यात आमच्या पनवेलला झालं. तेव्हापासून मित्रांचे फोन येतायत, "अरे, आमच्याकडेही मे मधलीच तारीख निघालीये, तुम्ही कसं जमवलं?" म्हटलं, एकदाच बसून सगळं सांगून टाकू.

मुद्दा आधीच सांगतो. उन्हाळ्यातल्या लग्नात आधी हॉल ठरवायचा नाही, आधी वेळ ठरवायची. आणि ती ठरवताना घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस डोळ्यासमोर ठेवायचं. ते माणूस दिवसभर सुखात बसू शकलं, तर बाकी सगळे आपोआप सुखात राहतात.

आमच्या घरात ते माणूस म्हणजे आजी. आम्ही आगरी. रायगड, ठाणे, पालघरकडच्या आगरी-कोळी लग्नांत धवलारीण असते, म्हणजे लग्नाचे विधी चालू असताना धवले गाणारी बाई. पूर्वी कितीतरी गावांत लग्न लावायचीच ती. आजी ऐन उमेदीत गावोगाव धवले गायला जायची. आता वय झालं, बीपीची गोळी चालू आहे, पण आवाज तसाच खणखणीत.

दोन वर्षांपूर्वी चुलत भावाचं लग्न होतं. एप्रिल महिना, साडेबाराचा मुहूर्त, मोकळं लॉन, वर साटनचं कापड. आजी पहिल्या रांगेत दोन तास बसली आणि अक्षता पडायच्या आधी खुर्चीतच कलंडली. दवाखाना, सलाईन, रात्री घरी. वाचली. पण ताईच्या लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हा घरात दबक्या आवाजात एक वाक्य फिरायला लागलं, "आजीला घरीच ठेवू, व्हिडिओ कॉलवर दाखवू." ताईने एकदाच सांगितलं, "आजी धवले म्हणणार नसेल तर मी हळदीला बसणार नाही." झालं. मग मी एक्सेल उघडलं.

पनवेलचं ऊन फसवं का?

आपल्याकडे मे मध्ये पारा बऱ्याचदा चौतीस-पस्तीसच दाखवतो. नागपूरवाला हसतो, "हे काय ऊन?" पण आपलं शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर अंगाला ते चाळिशीच्या पुढचं वाटतं. म्हणूनच हवामान खातं किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच उष्णतेची लाट धरतं (तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असेल तर), आणि मैदानी भागात ४० पासून.

हे फक्त आकडे नाहीत. १६ एप्रिल २०२३ ला आपल्याच पनवेल तालुक्यात, खारघरला, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला आणि उष्माघाताने १४ माणसं गेली. लग्नाला तेवढी गर्दी नसते, मान्य. पण दुपारी, उघड्यावर, तासन् तास एका जागी बसलेली वयस्कर माणसं, हे चित्र लग्नातही तेच असतं.

आता एक खर्च वाचवणारी गोष्ट. मंडपवाला म्हणतो, "मोठे कूलर लावतो, फवाऱ्याचे पंखे लावतो." कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो. विदर्भात हवा कोरडी, तिथे तो छान चालतो. पनवेलच्या दमट हवेत तो गारवा कमी आणि दमटपणा जास्त देतो. आपल्याकडे साधे मोठे पंखे, चारी बाजूंनी उघडा मंडप आणि सावली, एवढंच कामाचं.

एसी हॉल घेणार असाल तर साधं गणित करा. बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. ५०० पाहुणे म्हणजे ५० किलोवॉट. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉटच्या आसपास उष्णता काढतो. म्हणजे नुसत्या माणसांसाठीच १४ टन लागतात. दिवे, छत आणि सतत उघडणारं दार वेगळं. हॉल बघायला गेलात की दोनच प्रश्न विचारा: एकूण किती टन? आणि लाईट गेली तर जनरेटरवर एसी चालतो की फक्त दिवे? आम्ही बघितलेल्या एका हॉलच्या मॅनेजरने दुसरा प्रश्न ऐकून विषयच बदलला. तिथूनच परत फिरलो.

मुहूर्त संध्याकाळचा

आपल्या परंपरेत यावर उपाय आधीपासून आहे, गोरज मुहूर्त. गुरं घरी परतायची वेळ, सूर्य मावळायच्या आगेमागे. मे च्या मध्यात पनवेलला सूर्य सातच्या सुमारास मावळतो. भटजींनी पंचांग बघून होकार दिला. अडचण आली व्याह्यांकडून. त्यांचे पाहुणे अलिबागकडचे, "रात्री परतायचं कसं?" रास्त प्रश्न होता. मग बाबा स्वतः त्यांच्या घरी गेले, आजीचा किस्सा सांगितला आणि तोडगा काढला: अक्षता पडल्या की लगेच पंगत, लांबचे पाहुणे पहिल्या पंगतीला, फोटो नंतर. नवरदेवाच्या आईच म्हणाल्या, "आमच्याकडेही सासूबाई ऐंशीच्या आहेत. संध्याकाळचंच बरं."

बाकीचे विधी सकाळी दहाच्या आत घरी उरकले. बारा ते चार वेळापत्रकात काहीही ठेवलं नाही. रिकामा रकाना. त्यात मामाने तीनदा काहीतरी घुसवायचा प्रयत्न केला, मी तीनदा काढलं.

हळद, डीजे आणि दहाचा काटा

आमच्यात हळद लग्नाइतकीच मोठी. भावकीतल्या पोरांना डीजे हवा होता, आजीला धवले. भांडण व्हायची वेळ आली होती, पण सोडवलं कायद्याने. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, हा २००० सालापासूनचा नियम आहे. मग ठरलं: साडेसहा ते दहा डीजे, दहाच्या ठोक्याला बंद. त्यानंतर माईक नाही, स्पीकर नाही, फक्त आजी आणि बायका. तोवर खाडीकडून थोडा वाराही सुटतो.

रंग कुठून आणायचे?

उन्हाळा हाच मुळात रंगांचा ऋतू आहे. बहावा पिवळाधमक, गुलमोहर लालभडक, मोगऱ्याचा ऐन हंगाम. गुलाब दुपारीच माना टाकतात. झेंडू, आंब्याची पानं आणि मोगरा हे टिकतात, स्वस्तही पडतात. मोगरा मात्र ओल्या कापडात गुंडाळून ठेवा आणि शेवटच्या तासाला बाहेर काढा.

कपड्यांत फसवतं ते कापड. साटन आणि पॉलिस्टर घाम धरून ठेवतात. आमच्या बायकांनी हळदीला सुती साड्या ठरवल्या: हळदी, केशरी, हिरवा, राणी. फोटो बघाल तर वाटेल आठवडी बाजार भरलाय, इतका रंग! मी मात्र हट्टाने वेलवेटची शेरवानी घेतली होती. वीस मिनिटांत काढली. पुढचं सगळं लग्न कुर्त्यावर.

जेवण आणि पाणी

शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा अन्नसुरक्षेचा साधा दंडक आहे. म्हणून हळदीचं मटण एकदम न शिजवता दोन खेपांत शिजवलं. मावा आणि क्रीमच्या मिठाया काढून टाकल्या, आमरस ठेवला आणि त्याचं भांडं बर्फात. बर्फाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळसर रंग घालायचा नियम आहे. तो भांडी गार करायला वापरा, सरबतात कधीच टाकू नका. आणि पांढरा दिसला म्हणून तो खायचाच असेल असंही धरू नका, विकणाऱ्याला विचारा.

कोकम सरबत, पन्हं आणि मीठ घातलेलं ताक दाराशीच ठेवलं, स्टेजजवळ नाही. दोन भाचरांना एकच काम दिलं: दर अर्ध्या तासाने साठीच्या वरच्या प्रत्येकाच्या हातात ग्लास द्यायचा. "पाणी हवंय का?" असं विचारायचं नाही. विचारलं की म्हातारी माणसं "नको" म्हणतात. ओआरएसची पाकिटं आत्याच्या पर्समध्ये. आणि हे महत्त्वाचं: बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, अंगातलं पाणी कमी होतं. लग्नाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून घ्या. आपल्या मनाने गोळी बंद करू नका. बोलणं असंबद्ध झालं, अंग तापलं, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

पावसाचाही विचार करा. २०२५ ला मान्सून मुंबईत २६ मे लाच आला, एरवी ११ जूनच्या आसपास येतो. मे च्या शेवटची तारीख असेल तर वर पक्कं छत असलेली जागा हाताशी हवी.

मग झालं काय?

गडबडी झाल्याच. हळदीच्या रात्री साडेनऊला फ्यूज उडाला, डीजे अर्धा तास आधीच गप्प. पोरं वैतागली. अंधारात कुणीतरी मोबाईलचा टॉर्च लावला, आणि आजीने कुणाला न विचारता सुरुवात केली. एक ओळ ती, मागून बायका. लाईट आली तरी कुणी डीजेचं नाव काढलं नाही. ज्या पोरांना डीजे हवा होता, तीच समोर मांडी घालून बसली होती.

दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्तावर आजी पहिल्या रांगेत, पंख्यासमोर, हातात ताकाचा ग्लास. अक्षता टाकल्या आणि मला म्हणाली, "भर उन्हात लगीन लावलं असतंस, तर पावन्यांनी आशीर्वाद नाय, शिव्या दिल्या असत्या."

तर मंडळी, तारीख निघाली असेल तर आज घरी एकच करा. आजी-आजोबांना विचारा, किती वाजता बरं वाटतं? उत्तर लिहून ठेवा, मग हॉलवाल्याला फोन लावा. भेटू पुढच्या भागात. तोवर पाणी पीत राहा!