गंधकालाही हायड्रोजन बंध जमतो

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील मुलांची गंधकाशी ओळख शाळेच्या प्रयोगशाळेत होण्याआधीच झालेली असते. द्राक्षबागेत भुरी दिसली की गंधकाची पिवळी भुकटी धुरळतात. साखर कारखान्यात उसाच्या रसाचा रंग फिका करण्यासाठी गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड तयार करतात व तो वायू रसात सोडतात. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारे सांडपाणी साचून कुजले, तर नासक्या अंड्यासारखा वास सुटतो. हा वास हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा.

हाच वायू अकरावी-बारावीच्या तासाला वेगळ्या कारणाने भेटतो. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या एका अणूला हायड्रोजनचे दोन अणू जोडलेले असतात. ऑक्सिजनच्या जागी गंधक घातला की हायड्रोजन सल्फाइड झाला. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूच्या जवळजवळ दुप्पट जड आहे. तेव्हा तो उकळायला अधिक तापमान लागावे, असे वाटते. प्रत्यक्षात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, तर हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांना!

याचे कारण आपण मुलांना सांगतो ते असे. ऑक्सिजनची विद्युतऋणता ३.४४, हायड्रोजनची २.२०. त्यामुळे बंधातील इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे ओढले जातात आणि किंचित धन झालेला हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे आकर्षिला जातो. हा हायड्रोजन बंध. गंधकाची विद्युतऋणता अवघी २.५८ असल्याने ही ओढ फार थोडी. इथपर्यंत सारे ठीक आहे. पण मुलांच्या वहीत पुढचे वाक्य येते ते ‘म्हणून गंधक हायड्रोजन बंध तयार करत नाही’ असे. ‘थोडी’ आणि ‘नाही’ यांत फरक आहे, आणि तो ठरवायचा तर मोजमाप हवे. असे मोजमाप करणाऱ्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधन केलेले रसायनशास्त्रज्ञ डॉ. संजय वाटेगावकर यांच्या गटाचा वाटा मोठा आहे. त्यांच्या कामाच्या आधारे हा प्रश्न समजून घेऊ.

तापलेल्या रेणूंपासून थंड रेणूंकडे

वाटेगावकरांचे सुरुवातीचे काम तापलेल्या रेणूंवरचे होते. रासायनिक अभिक्रियेत नुकताच जन्मलेला रेणू पुष्कळदा जोराने कंप पावत असतो आणि ती ऊर्जा तो अवरक्त प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. त्या प्रकाशाचा वर्णपट घेतला की अभिक्रियेतून सुटलेली ऊर्जा कोठे कोठे गेली याचा हिशेब लागतो. या पद्धतीचा पाया घालणारे जॉन पोलान्यी १९८६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते. हायड्रोजन अणूंच्या अशा अभिक्रियांवर वाटेगावकर आणि अमेरिकेतील डोनाल्ड सेट्सर यांचा शोधनिबंध १९८९ साली प्रसिद्ध झाला.

क्षीण बंध पाहायचे तर मात्र उलट्या दिशेने जावे लागते. खोलीच्या तापमानाला वायूतील रेणू सतत एकमेकांवर आदळतात, गरगरतात. क्षीण बंधाने जुळलेली जोडी त्या धक्काबुक्कीत टिकत नाही. नुसते थंड करावे, तर पदार्थ भांड्याच्या भिंतीवर गोठून बसतो. हवी असते ती थंड, पण सुटी जोडी.

सायकलच्या ट्यूबमधील हवा सोडताना झडप गार लागते, हे आपण अनुभवलेले असते. हेच तत्त्व १९७० च्या दशकात शिकागोच्या शास्त्रज्ञांनी रेणूंच्या वर्णपटासाठी वापरले. हीलियमसारख्या वायूत तपासायच्या पदार्थाचे थोडेसे रेणू मिसळायचे आणि ते मिश्रण बारीक छिद्रातून निर्वात पोकळीत सोडायचे. छिद्रातून बाहेर पडताना रेणूंची सैरावैरा धावपळ एका दिशेच्या वेगात बदलते. सारे एकाच दिशेने, जवळजवळ एकाच वेगाने निघाल्यावर टकरा संपतात. रेणूंचे गरगरणे निरपेक्ष शून्याच्या वर काही अंशांइतकेच उरते. पुंजके वाढून गोठायलाही वेळ मिळत नाही. या झोताला स्वनातीत झोत म्हणतात, कारण त्याचा वेग तेथील ध्वनीच्या वेगाहून जास्त असतो.

लेसरने घेतलेली हजेरी

या झोतात एकटे रेणू असतात, जोड्या असतात, त्रिकुटेही असतात. त्यांतून हवी ती जोडी निवडायची कशी? येथे दोन लेसर कामाला येतात. पहिला अतिनील किरणांचा. त्याची तरंगलांबी नेमकी जुळवली की ठरावीक जोडीच प्रकाशाचे दोन कण एकामागून एक शोषून घेते आणि आयन बनते. आयनांचे वस्तुमान लगेच मोजले जाते. वर्गात नाव पुकारावे आणि त्याच मुलाने ‘हजर’ म्हणावे, तसा हा प्रकार आहे.

दुसरा लेसर अवरक्त किरणांचा असून तो पहिल्याच्या किंचित आधी सोडतात. त्याची वारंवारता जोडीतील एखाद्या बंधाच्या कंपनाशी जुळली, तर काही जोड्या ती ऊर्जा शोषून आपली मूळ अवस्था सोडतात. मग पहिल्या लेसरच्या हजेरीत तेवढी संख्या कमी भरते. कोणत्या वारंवारतेला हजेरी घटली याची नोंद म्हणजेच त्या जोडीचा अवरक्त वर्णपट.

हायड्रोजन बंध त्यात कसा ओळखतात? तंबोऱ्याची तार थोडी सैल केली की स्वर उतरतो. शेजारच्या रेणूने हायड्रोजनला आपल्याकडे ओढले की त्याचा मूळचा बंधही असाच सैल होतो. एकट्या फिनॉलमधील ऑक्सिजन-हायड्रोजन बंध जो अवरक्त प्रकाश शोषतो, त्याच्या एका सेंटिमीटरमध्ये ३६५७ तरंग मावतात. फिनॉलला पाण्याचा एक रेणू जोडला की हा आकडा ३५२४ वर येतो. या उतरण्यावरून बंधाच्या बळाचा अंदाज येतो.

मोजमाप काय सांगते?

२००९ साली हिमांशु बिस्वाल आणि वाटेगावकर यांनी इंडोल व डायमिथाइल सल्फाइड यांची जोडी अशा रीतीने तपासली. निवड विचारपूर्वक होती. इंडोल हा ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा भाग, आणि डायमिथाइल सल्फाइड हे मिथिओनिनमधील गंधकाचे छोटे प्रतिरूप. डाळींत मिथिओनिन कमी असते आणि ज्वारी-बाजरीतून ती उणीव भरून निघते, म्हणून भाकरीबरोबर आमटीचे जेवण पोषक ठरते. आपल्या प्रथिनांत हे दोन्ही घटक असल्याने त्यांच्यातील ओढ समजणे महत्त्वाचे होते. इंडोलमधील नायट्रोजन-हायड्रोजन बंधाचा स्वर स्पष्टपणे उतरलेला दिसला. गंधकाशी झालेला हा बंध ऑक्सिजनशी होणाऱ्या तशाच बंधाच्या तोडीचा निघाला.

असे कसे? गंधकाचा अणू मोठा, त्याचा इलेक्ट्रॉन-मेघ सैल आणि सहज विकृत होणारा. विद्युतऋणतेमुळे मिळणारी ओढ कमी पडते, तिची बरीच भरपाई या मेघांच्या परस्परांवरील परिणामातून होते. केवळ विद्युतऋणतेचे आकडे पाहून हे कळले नसते.

पुढे २०१३ मध्ये वाटेगावकर आणि त्यांचे सहकारी यांनी जपानमधील फुजी यांच्यासह हायड्रोजन सल्फाइडच्या दोन रेणूंच्या जोडीतही हायड्रोजन बंध असल्याचा वर्णपटीय पुरावा मांडला. २०१८ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ई. अरुणन आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने या जोडीची रचना मोजून तेच दाखवले. अरुणन ज्याचे अध्यक्ष होते, त्या आंतरराष्ट्रीय गटाने २०११ मध्येच हायड्रोजन बंधाची व्याख्या अधिक व्यापक केली होती.

मग उणे ६० अंशांचे काय?

तो आकडा अर्थातच बदललेला नाही. हायड्रोजन सल्फाइडच्या दोन रेणूंमधील बंध पाण्याच्या दोन रेणूंमधील बंधाच्या सुमारे एक-तृतीयांश बळाचा आहे. गंधक दुसऱ्याचा हायड्रोजन चांगला धरतो. पण स्वतःचा हायड्रोजन पुरेसा धन नसल्याने तो पुढे करण्यात कमी पडतो. म्हणून हा पदार्थ उणे ६० अंशांनाच उकळतो, आणि खोलीच्या तापमानाला त्याच्या जोड्या टिकत नाहीत. बर्फात पाण्याच्या प्रत्येक रेणूला दिशा धरून बसलेले चारच शेजारी असतात. गोठलेल्या हायड्रोजन सल्फाइडमध्ये मात्र रेणू गोट्यांसारखे रचले जाऊन प्रत्येकाला बारा शेजारी मिळतात. हे पाहूनच पूर्वी तेथे हायड्रोजन बंध नाही असे मानले गेले.

शिक्षकांनी वर्गात काय सांगावे? आमच्या मते एक शब्द बदलला तरी पुरे. ‘गंधकाचे हायड्रोजन बंध नसतात’ याऐवजी ‘हायड्रोजन सल्फाइडमधील हायड्रोजन बंध पाण्यातील बंधांपेक्षा बरेच क्षीण असतात, म्हणून त्याचा उत्कलनबिंदू कमी’ असे लिहून घ्यावे. परीक्षेतील उत्तर त्याने बिघडत नाही. एखाद्या चौकस मुलीने ‘क्षीण म्हणजे किती, आणि ते कळले कसे?’ असे विचारले, तर तिला थंड झोताची आणि लेसरच्या हजेरीची गोष्ट जरूर सांगावी.