मार्केटिंग की पीआर? पुण्यात विद्यापीठ निवडताना नेमकं काय पाहायचं?

डिसेंबरमध्ये सिम्बायोसिसची ‘स्नॅप’ परीक्षा होते. मुलाखती आटोपून उन्हाळ्याआधीच प्रवेशाचं पत्र येतं आणि शुल्काचा पहिला हप्ता भरायची तारीखही येते. राज्याच्या एमबीए सीईटीतून होणारे प्रवेश मात्र पार पावसाळ्यात जातात. म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात जागा मिळेल की नाही हे कळण्याआधीच दुसरीकडे पैसे भरायचे का, याचा निर्णय घरच्यांना घ्यावा लागतो. मार्केटिंग किंवा जनसंपर्कात, म्हणजे पीआरमध्ये करिअर करू पाहणाऱ्या पुण्यातल्या अनेक विद्यार्थ्यांची खरी अडचण इथेच सुरू होते.

आधी ठरवा, काम कोणतं करायचंय?

मार्केटिंग आणि पीआर ही नावं जोडीनं घेतली जातात, पण कामं वेगळी आहेत. मार्केटिंगमध्ये ग्राहक कोण, वस्तूची किंमत किती, ती दुकानात कशी पोहोचवायची, विक्री किती झाली, याचा हिशेब असतो. एमबीए करून आलेल्यांची पहिली नोकरी बऱ्याचदा विक्रीची असते. वितरकांकडे फिरणं आणि महिन्याचं टार्गेट गाठणं हेच रोजचं काम. आकडेमोडीचा कंटाळा असेल तर ही वाट जड जाते.

पीआरमध्ये संस्थेची विश्वासार्हता सांभाळायची असते. जाहिरातीची जागा विकत घेता येते, बातमी विकत घ्यायची नसते. त्यामुळे प्रसिद्धीपत्रक लिहिणं, पत्रकारांशी संबंध राखणं आणि कंपनीवर संकट आलं की काय बोलायचं हे ठरवणं महत्त्वाचं ठरतं. इथे लेखन हे मुख्य भांडवल. महाराष्ट्रात काम करताना मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्हींत नीट लिहिता येणारा उमेदवार उजवा ठरतो.

पुण्यात पर्याय कोणते?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झालं. त्याचा व्यवस्थापनशास्त्र विभाग म्हणजे ‘पुम्बा’. तिथे एमबीएला मार्केटिंग हा विशेष विषय घेता येतो आणि प्रवेश सीईटी व केंद्रीभूत प्रक्रियेतून होतो. याच विद्यापीठाचा संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. तो मुळात पत्रकारितेसाठी ओळखला जातो. पण बातमी कशी घडते हे आतून कळणं पीआरसाठी मोलाचं असतं.

सिम्बायोसिसची स्थापना डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये केली आणि २००२ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिच्या ‘एसआयएमसी’मध्ये संज्ञापन व्यवस्थापनाचं एमबीए आहे. जाहिरात, ब्रँड आणि पीआर यांवर थेट भर हवा असेल तर हा पर्याय पुढे येतो. ‘एसआयबीएम’चं एमबीए व्यापक व्यवस्थापनाचं आहे. शिवाय लवळ्याचं फ्लेम आणि कोथरूडचं एमआयटी डब्ल्यूपीयू ही राज्य खासगी विद्यापीठं आहेत.

बारावीनंतरच सुरुवात करायची असेल तर बीबीए, बीएमएससारख्या अभ्यासक्रमांसाठी २०२४ पासून राज्याची स्वतंत्र सीईटी सुरू झाली आहे.

‘अभिमत’, ‘खासगी’ यानं काय फरक पडतो?

पदवी तिन्ही प्रकारच्या विद्यापीठांची वैध असते. फरक पडतो तो खिशाला. सरकारी विभागाचं शुल्क आणि अभिमत किंवा खासगी विद्यापीठाचं शुल्क यांत अनेक पटींचं अंतर असतं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेचा लाभ केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्यांना मिळतो. उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी आहे. मात्र अभिमत आणि खासगी विद्यापीठं या सवलतींतून वगळलेली आहेत. पात्र मुलीसाठी ही एकच बाब निर्णय बदलू शकते.

आणखी एक बारकावा. काही संस्था एमबीए नव्हे, तर ‘पीजीडीएम’ देतात. ती पदविका असते, विद्यापीठाची पदवी नव्हे. तिला एआयसीटीईची मान्यता आहे का हे तपासावं. विद्यापीठ खरं आहे का, हे यूजीसीच्या संकेतस्थळावरच्या यादीत पाहता येतं.

कर्जाचा हिशेब कसा मांडायचा?

समजा १५ लाखांचं कर्ज १० टक्के व्याजानं घेतलं आणि १० वर्षांत फेडायचं ठरवलं. महिन्याचा हप्ता सुमारे १९,८०० रुपये येतो. शिक्षणाच्या काळात साचलेलं व्याज वेगळं. पीआर एजन्सीतला सुरुवातीचा पगार आणि मुंबईतलं भाडं यांच्याशेजारी हा आकडा मांडून पाहावा. मुंबई अशासाठी, की एजन्स्यांचा मोठा कारभार तिथूनच चालतो. आकुर्डीच्या बजाजची १९८९ ची गाजलेली ‘हमारा बजाज’ मोहीमसुद्धा मुंबईच्या लिंटासनं केली होती.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी विनातारण कर्ज मिळतं. उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलतही आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती लागू नाही.

‘सर्वोच्च पॅकेज’वर विश्वास ठेवायचा का?

माहितीपत्रकावर ठळक छापलेलं पॅकेज एखाद्याच विद्यार्थ्याचं असू शकतं. त्यापेक्षा मध्यक पगार पाहावा, म्हणजे निम्म्यांना ज्याहून जास्त आणि निम्म्यांना ज्याहून कमी मिळाला तो आकडा. एनआयआरएफ क्रमवारीसाठी संस्था हा आकडा आणि नोकरी लागलेल्यांची संख्या सादर करतात. ही माहिती सगळ्यांसाठी खुली असते. किती जण उत्तीर्ण झाले आणि त्यातले किती नोकरीला लागले, हेही तिथे दिसतं.

त्यानंतर दोन-तीन माजी विद्यार्थ्यांना लिंक्डइनवर गाठावं आणि विचारावं: पहिली नोकरी विक्रीची होती की ब्रँडची? इंटर्नशिप संस्थेनं दिली की स्वतः शोधली?

मग आधी पैसे भरायचे की थांबायचं?

पैसे भरण्याआधी प्रवेश रद्द केल्यास शुल्क कोणत्या तारखेपर्यंत आणि किती परत मिळेल, हे संस्थेकडून लेखी घ्यावं. यूजीसीचे त्या वर्षीचे परताव्याचे नियमही पाहावेत. सवलतीला पात्र असाल आणि सीईटीचा पेपर चांगला गेला असेल, तर थांबण्यात तथ्य आहे. पीआरच करायचं हे पक्कं असेल आणि हप्ता झेपणार असेल, तर विशेष अभ्यासक्रमाची जागा हातची घालवू नये. आणि दोन्हींबद्दल मन ठरत नसेल, तर कर्ज काढण्याआधी एखाद्या एजन्सीत तीन महिने इंटर्नशिप करून पाहणं सगळ्यात स्वस्त पडतं.