रंगाच्या डब्यावरील नाव वाचायला शिका

कापडाच्या धंद्यात रंगांना नावांची कमी नाही. गुलाबी, प्याजी, फिरोजी, आसमानी, जाफरानी ही रंगरेजांची जुनी नावे. डाळिंबी, अंजिरी, मोरपंखी ही मराठी घरांतली. जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी गिऱ्हाईक आजही याच नावांनी साडी व ओढणी मागते. पण ही नावे डोळ्यांनी ठेवलेली आहेत. धुतल्यावर रंग कपड्यावर राहील की बादलीत उतरेल, हे त्यांवरून कळत नाही. त्यासाठी रंगाचे दुसरे नाव माहीत असावे लागते.

कंपनीचे नाव

एकच रंग निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात. नावामागची अक्षरे बहुधा जर्मन भाषेतून आलेली असतात. जी म्हणजे पिवळी झाक, आर म्हणजे लाल आणि बी म्हणजे निळी. म्हणून 'रेड ५ बी' हा निळसर झाकेचा लाल. आकडा जितका मोठा तितकी झाक जास्त. मात्र काही नावांचा मालाशी काहीच संबंध नसतो. १८८४ साली जर्मनीत निघालेल्या एका लाल रंगाला 'काँगो रेड' म्हटले गेले. त्या वेळी बर्लिनमध्ये आफ्रिकेतील काँगोबाबत परिषद भरली होती व ते नाव सर्वांच्या तोंडी होते, एवढेच.

इंडेक्सचे नाव

हा गोंधळ मिटवण्यासाठी इंग्लंडमधील रंगकाम करणाऱ्यांच्या संस्थेने १९२० च्या दशकात 'कलर इंडेक्स' नावाची सूची काढली. पुढे अमेरिकेची संस्थाही त्यात सामील झाली. या सूचीत प्रत्येक रंगाला वर्ग, छटा आणि अनुक्रमांक मिळून एक नाव असते. काँगो रेडचे तेथील नाव 'डायरेक्ट रेड २८'. यातला पहिला शब्द आपल्या सर्वात कामाचा आहे.

डायरेक्ट : मीठ घातलेल्या गरम पाण्यात सुती कापडावर सरळ चढतो. स्वस्त, पण धुण्यात उतरतो.

रिॲक्टिव्ह : १९५६ साली बाजारात आला. सोड्याच्या मदतीने सुताशी रासायनिक बंध जोडतो, म्हणून धुण्यास पक्का.

व्हॅट : पाण्यात विरघळत नाही. हायड्रोस व कॉस्टिकने विरघळवून कापडात भिनवतात. हवा लागली की आतच घट्ट बसतो. नीळ याच वर्गातली.

ॲसिड : रेशीम, लोकर व नायलॉनसाठी.

डिस्पर्स : पॉलिएस्टरसाठी. म्हणूनच टेरीकॉटला पूर्ण रंगवायचे तर सुताचा एक आणि पॉलिएस्टरचा एक असे दोन रंग लागतात.

पिगमेंट : हा विरघळतच नाही. बाइंडरने कापडावर चिकटवतात. छपाईनंतर नीट तापवला नाही तर घासल्याने निघतो.

पाच आकडी नंबर

इंडेक्समध्ये नावासोबत एक पाच आकडी नंबरही असतो. तो रंगाची रासायनिक जात सांगतो. ११००० ते ३६९९९ हे ॲझो, ७३००० पासून निळीचे कुळ, ७५००० पासून नैसर्गिक आणि ७७००० पासून खनिज रंग. कारखान्यातली नीळ 'व्हॅट ब्लू १', नंबर ७३०००. झाडाची नीळ 'नॅचरल ब्लू १', नंबर ७५७८०. रंग देणारा पदार्थ दोन्हींत एकच.

जिवाचा प्रश्न

काँगो रेड बेन्झिडीन या रसायनापासून बनतो. बेन्झिडीनमुळे मूत्राशयाचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालेले आहे आणि असे रंग शरीरात गेल्यावर त्यांतून ते पुन्हा सुटते. काळा 'डायरेक्ट ब्लॅक ३८' याच जातीचा. जर्मनीने १९९४ साली घातक ॲझो रंगांविरुद्ध कायदा केला. भारत सरकारने बेन्झिडीनचे ४२ रंग आणि १९९७ च्या अधिसूचनेने आणखी ७० ॲझो रंग हाताळण्यास बंदी घातली. याचा अर्थ सगळे ॲझो रंग वाईट असा नव्हे. बहुतेक चालू आहेत. पण बंदीची यादी इंडेक्सच्या नावांनी आहे. दुकानात 'लाल द्या, काळा द्या' म्हणून सुटी पुडी आणणाऱ्याला आपल्या हाती काय आले हे कळणार कसे? पहिला धोका गिऱ्हाइकाला नाही, उघड्या हातांनी भुकटी कालवणाऱ्या कारागिराला आहे.

काय करावे?

सुटा, बेनामी रंग घेऊ नये. बिलावर इंडेक्सचे नाव व नंबर लिहून मागावा. नंबर एक असला तरी दोन मालांची ताकद सारखी नसते, कारण भुकटीत मीठ मिसळलेले असते. म्हणून भाव ठरवण्याआधी नमुना रंगवून पाहावा. रंगीत तुकडा पांढऱ्या सुती तुकड्याला शिवून साबणाच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवावा. पांढरा तुकडा रंगला तर 'पक्का रंग' सांगून ते कापड विकू नये. भुकटी कालवताना हातमोजे घालावेत, तोंडाला फडके बांधावे आणि त्या जागी खाणेपिणे टाळावे.

छटेचे नाव गिऱ्हाइकासाठी ठेवावे. खरेदी मात्र वर्ग आणि नंबर पाहूनच करावी.