एसी १८ वर लावला म्हणून खोली लवकर गार होत नाही!

मी दिवसभर कोड लिहितो, पण उन्हाळा लागला की मित्रांचे मेसेज येतात ते एसीबद्दल. म्हणून आजच्या भागात चार गैरसमज घेऊ.

पहिला : ‘१८ वर टाक, पटकन गार होईल.’
रिमोटवरचा आकडा म्हणजे गाडीचा ॲक्सिलरेटर नव्हे. कुठे थांबायचं, एवढंच तो सांगतो. खोली ३४ अंशांवर असेल तर १८ लावा नाहीतर २४, सुरुवातीला कॉम्प्रेसर जवळपास सारखीच ताकद लावतो. फरक पडतो नंतर. २४ वाला तिथे पोचून दम घेतो, १८ वाला रात्रभर पळत राहतो. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या हिशोबाने एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसीचं डिफॉल्ट २४ ठेवायचा नियम आला. २५-२६ ठेवा, वर पंखा लावा. वाऱ्याने घाम वाळतो आणि तेवढंच गार वाटतं.

दुसरा : ‘इन्व्हर्टर एसी लाइट गेल्यावरही चालतो.’
नाही हो! घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी त्याचा संबंध नाही. साधा एसी एकतर पूर्ण चालू, नाहीतर बंद. इन्व्हर्टरवाला गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करतो, इतकंच.

तिसरा, आणि खिशाला सगळ्यात महाग : ‘दरवर्षी गॅस भरावाच लागतो.’
गॅस म्हणजे पेट्रोल नाही, तो जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून फिरत तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. कमी झाला, म्हणजे कुठेतरी गळतोय. माझ्या रूममेटने सलग दोन उन्हाळे गॅस भरून घेतला. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या मेकॅनिकने जोडांना साबणाचं पाणी लावलं, तर आउटडोअर युनिटच्या एका नटापाशी बुडबुडे! नट नीट बसवला, प्रश्न मिटला. आधीचे पैसे मात्र शब्दशः हवेत गेले. शिवाय बऱ्याच एसींमधला आर-३२ गॅस, १०० वर्षांच्या हिशोबाने, कार्बन डायऑक्साइडच्या साधारण ६७५ पट पृथ्वी तापवतो. म्हणून गॅस भरण्याआधी स्पष्ट विचारा, ‘दादा, गळती कुठे आहे ते दाखवा.’ आणि त्याहीआधी फिल्टर बघा. धुळीने भरला असेल तर नळाखाली धुवा, सावलीत वाळवून बसवा. कितीदा तरी दुखणं तिथेच असतं.

चौथा : ‘एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो.’
घरातला नेहमीचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हापुन्हा फिरवतो. छोट्या खोलीत चौघं झोपत असाल तर सकाळी डोकं जड होतं ते यामुळेही असू शकतं. अधूनमधून खिडकी उघडा. थोडी वीज जाईल, पण श्वास मोकळा होईल.

तुमच्याकडे काय ऐकायला मिळतं, ते व्हॉइस नोटवर पाठवा. आणि हा भाग घरात ज्यांच्या हातात रिमोट असतो, त्यांना नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात!