आमची शनिवारची मंडळी

'हल्लीची मुले वाचीत नाहीत' हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकले आहे की, कुणी नुसते 'हल्लीची' म्हटले तरी पुढचे मला मनातल्या मनात पुरे करता येते. प्राध्यापकांच्या खोलीत ते चहाबरोबर येते, लग्नकार्यात जिलबीबरोबर. मी स्वतःही ते पुष्कळदा म्हटले आहे. आणि खरे सांगायचे तर ते म्हणताना मनाला थोडा गारवाही वाटतो. दोष एकदा मुलांच्या नावावर पडला की आपण मोकळे! माझे वडील हेच वाक्य माझ्याविषयी म्हणत. त्या वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात दूरदर्शन होते, आता मोबाइल आहे. फिर्याद तीच, फिर्यादी तेवढे बदलले.

चार वर्षांपूर्वी आमच्या उपनगरातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मला घेण्यात आले. मराठीचा प्राध्यापक म्हणजे कुठल्याही समारंभात आभार मानायला उपयोगी पडणारा माणूस, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्या नात्याने माझे पहिले काम निघाले ते 'वाचन प्रेरणा दिना'चे. माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा आपल्या राज्यात २०१५ सालापासून या नावाने साजरा होतो. कल्पना उत्तम. आम्ही जवळच्या शाळा-महाविद्यालयांतून साठ मुले बोलावली, सतरंजीवर रांगेने बसविली आणि प्रत्येकाच्या हाती एकेक पुस्तक दिले. पुस्तके निवडायला वेळ नव्हता, तेव्हा जे कपाट उघडे होते त्यातलीच दिली. पहिल्या रांगेतल्या एका किडकिडीत मुलाच्या वाट्याला मधुमेही रुग्णांच्या आहारावरचे पुस्तक आले होते आणि तो बिचारा ते मन लावून वाचीत होता. छायाचित्रे निघाली. अध्यक्षांचे भाषण झाले. मग पुस्तके गोळा करून, मोजून, कपाटात ठेवून कुलूप लावण्यात आले.

एक पुस्तक कमी भरले. ते एका चष्मेवाल्या मुलीने पाठीमागे धरले होते. "सर, माझी अकरा पानं झालीत. घरी नेऊ का?"

ग्रंथपालबाईंनी विचारले, "सभासद आहेस का?" नव्हती. सभासद व्हायचे तर पाचशे रुपये अनामत, पालकांची सही आणि दोन छायाचित्रे. बाई काही वाईट नव्हत्या. नियम त्यांनी केलेला नव्हता. मुलीने पुस्तक दिले आणि ती गेली. वाचनाची प्रेरणा देण्याच्या दिवशी, जिला ती खरोखरच झाली अशा एकुलत्या एका मुलीच्या हातून आम्ही पुस्तक काढून घेतले, ही गोष्ट मला रात्री अंथरुणावर पडल्यावर उमगली.

आपल्याकडे वाचनालयांची परंपरा लहान नाही. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये निघाले, मुंबईचे १८९८ मध्ये. राज्य झाल्यावर १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागले. त्यासाठी अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. तपासणीला येणारे अधिकारी पुस्तके मोजतात, सभासद मोजतात, वृत्तपत्रे मोजतात. त्यांनाही दुसरे काय मोजता येणार? पण त्यामुळे झाले असे की, पुस्तक हरवू नये ही वाचनालयाची पहिली काळजी होऊन बसली आणि पुस्तक वाचले जावे ही दुसरी. वास्तविक रंगनाथन यांनी १९३१ सालीच ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांतला पहिलाच असा की, पुस्तके ही उपयोगासाठी असतात. कपाटे मोकळी ठेवा, वाचकाला हात घालू द्या, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. आमच्या वाचनालयात त्यांची तसबीर आहे. ती ज्या कपाटावर आहे त्याला दोन कुलुपे आहेत.

पुढच्या सभेत मी ठराव मांडला. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता पंधरा ते वीस वर्षांच्या मुलामुलींचे वाचनमंडळ भरवावे, अनामत घेऊ नये, आणि एक कपाट त्यांच्यासाठी उघडे ठेवावे. दीड तास चर्चा झाली. मुले पुस्तके फाडतील, पंख्यांचे बिल वाढेल, मुलगे-मुली एकत्र जमल्यावर लोक काय म्हणतील, अशा सर्व बाजूंनी विचार झाला. शेवटी कोषाध्यक्ष म्हणाले, "दोन महिने करू द्या त्यांना. आपोआप बंद पडेल." या आशावादावर ठराव मंजूर झाला.

तो बंद पडला नाही, पण त्याचे श्रेय मी घेऊ नये. पहिले दोन महिने मी एकामागून एक चुकाच केल्या. एका व्याख्यात्यांना बोलावले. ते वाचनसंस्कृतीवर सव्वा तास बोलले. त्यांनी डोळे उघडले तेव्हा समोर मी, बाई आणि चहावाला एवढेच होतो. नंतर मी प्रत्येकाला वाचलेल्या पुस्तकाचा सारांश लिहून आणायला सांगितले. चौदांपैकी चारच उरले. ती चष्मेवाली मुलगी, जिला मी मुद्दाम शोधून आणले होते, ती म्हणाली, "सर, हे कॉलेजसारखंच झालं." तेव्हापासून सारांश नाही, तात्पर्य नाही आणि पाहुणा नाही.

आणखी एक अडचण होती, ती बाहेरून लक्षात येणार नाही. पाचदहा जणांनी एकाच पुस्तकावर बोलायचे तर सर्वांनी ते वाचलेले हवे, आणि त्यासाठी तेवढ्या प्रती हव्यात. आमच्या वाचनालयात एका पुस्तकाची एक प्रत घेतात. तेवढ्याच पैशांत दहा निराळी पुस्तके येतात आणि संख्या वाढते. तेव्हा एकच प्रत हातोहात फिरवायची आणि प्रत्येकाने एकेक पान मोठ्याने वाचायचे, असे गरजेपोटी सुरू झाले. हाच आमच्या मंडळीचा प्राण ठरला. एकट्याने पुस्तक बाजूला टाकणे सोपे असते. दहा जण ऐकत असताना पुढे काय झाले हे सर्वांनाच हवे असते.

या रीतीने आम्ही 'बनगरवाडी' हाती घेतली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर एक कोवळा मास्तर शाळा चालवायला जातो, एवढेच तिचे सूत्र. आजच्या शहरी मुलांना ती रुचेल का, अशी मला धास्ती होती. रुचली. मात्र एक गंमत दिसू लागली. निवेदन मुले झरझर वाचीत. कुणी धनगर बोलू लागला की अडखळत. नाटकातल्या गड्यासारखा कृत्रिम आवाज काढीत आणि हसत.

अपवाद एका मुलाचा. बारावीतला, वडील रिक्षा चालवितात. दाराशी बसायचा, कधी काही बोलायचा नाही. त्याच्याकडे पुस्तक आले आणि त्याने संवाद वाचला तेव्हा खोलीत कुणीतरी नवा माणूस आल्यासारखे वाटले. कुणी हसले नाही. पुढे निवेदनाचा परिच्छेद आला. त्यात 'पाणी' शब्द होता. त्याने 'पानी' वाचले. मी म्हटले, "पाणी." पुढच्या ओळीत 'कोण' आले, त्याने 'कोन' म्हटले. माझ्या तोंडून वीस वर्षांची सवय बोलली: "अरे, ण! ण बाणाचा!"

मुले खो खो हसली. तोही हसला. राहिलेले पान त्याने संपविले, पुस्तक शेजारी दिले. पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मी दरवर्षी एम.ए.च्या वर्गाला भाषाविज्ञान शिकवितो. प्रमाणभाषा ही अनेक बोलींपैकीच एक बोली आहे, तिला मान मिळाला तो सामाजिक कारणांनी. कुठलीही बोली अशुद्ध नसते, हे मी फळ्यावर आकृती काढून सांगतो. त्यावर प्रश्न काढतो आणि त्याला सोळा गुण ठेवतो. आणि ज्या पुस्तकातली माणसे त्या मुलाच्या घरच्यांसारखीच बोलतात, तेच पुस्तक हाती घेऊन मी त्याला दहा जणांत बाण दाखविला! माझी पत्नी म्हणाली, "तुम्ही जाऊन या." मी म्हटले, परीक्षा जवळ आली असेल. ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या."

गेलो. दोन खोल्यांचे घर. वडील रिक्षा घेऊन बाहेर गेलेले, मुलगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात हाताखाली जात असे तिकडे. दाराशी आजी बसल्या होत्या, आटपाडीकडच्या. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाल्या, "मास्तर व्हय? या की. पोरगं सांगत हुतं, मेंढरावाल्यांची गोष्ट हाय म्हनून. दर शनवारी येऊन मला समदं सांगायचं. आता का थांबलं ओ?"

काय उत्तर देणार? मी पाणी मागितले. त्यांनी तांब्या दिला.

मुलगा तासाभराने आला. मी माफी मागितली. असे कुणी मास्तर करतो हेच त्याला ठाऊक नसावे. तो माझ्यापेक्षा जास्त ओशाळला. म्हणाला, "नाही सर, राग नाही आला. पण आता वाचायला घेतलं की आधी ण दिसतो. पहिलं गोष्ट दिसायची."

वाचकहो, वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या शिकवण्यावर इतका अचूक अभिप्राय मला कुणी दिलेला नाही.

पुढच्या शनिवारी मंडळीसमोर मी झालेली चूक सांगितली. तो आला नव्हता. त्यानंतरच्या शनिवारी आला आणि दाराशीच बसला. वाचणार नाही, ऐकेन, म्हणाला. ठीक आहे, म्हटले. तेवढ्यात धनगरांचे बोलणे आले आणि पुस्तक माझ्या हातात होते. मी ते जमेल तितक्या तोलाने वाचले. दाराकडून आवाज आला, "सर, 'हाय' एवढं लांब नसतं." या वेळीही मुले खो खो हसली, आणि मी त्याच्याकडे पुस्तक सरकवले. त्याने संवाद वाचले, चष्मेवालीने निवेदन. राहिलेले पुस्तक याच वाटणीने पुरे झाले.

सगळेच गोड झाले असे नाही. चौदांची संख्या कधी सहावर येते, परीक्षेच्या दिवसांत दोनवर. मोबाइल खिशांत असतात आणि मधूनमधून चमकतात. साताऱ्यातल्या भिलार या गावी २०१७ सालापासून घराघरांत पुस्तके मांडली आहेत, 'पुस्तकांचे गाव' म्हणतात ते; तिथे मंडळींना न्यायचे तीन वर्षे ठरते आहे आणि बसभाड्यापाशी अडते. कोषाध्यक्ष दर सभेत पंख्यांचे बिल वाचून दाखवितात. तो मुलगा आता दिवसभर दुकानात असतो, महिन्यातून एखादा शनिवार येतो.

'बनगरवाडी' संपल्यावर त्याने ती घरी मागितली, आजीला वाचून दाखवायची म्हणून. मी माझ्या खात्यावर काढून दिली. परत आली ती एकोणीस दिवस उशिरा. रुपयाप्रमाणे एकोणीस रुपये दंड झाला. मी खिशात हात घातला. त्याने माझा हात धरला आणि पैसे स्वतः मोजून दिले. पावती मागून घेतली. मग बाईंना विचारले, "यांचं दुसरं काही असेल का? आजी विचारते."

ते पुस्तक उघड्या कपाटात नव्हते, तसबिरीखालच्या कपाटात होते. बाईंनी माझ्याकडे पाहिले नाही, नियमांच्या वहीकडेही पाहिले नाही. खणातून किल्ल्यांचा जुडगा काढला. पावसाळ्याने फुगलेले दार निघेना, तेव्हा मुलाने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने ते ओढले.